अर्धीच वाचलेली तक्रार

१

माझी भाची एका वृद्धाश्रमात नर्स आहे. परवा तिथल्या संचालकानं तिला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि तिनं त्याच्याविरुद्ध गुपचूप केलेली तक्रार तिलाच वाचून दाखवली.

‘माणसं कमी असली की इथे म्हाताऱ्यांचे हात पलंगाला बांधतात,’ त्यानं मोबाइलवरून वाचलं. मजा घेत घेत वाचत होता म्हणे. ‘मनगटांवरचे वळ मी स्वतः पाहिले आहेत. त्यातल्या एकांनी मला...’ इथे तो थांबला, मोबाइल उपडा ठेवला आणि हसला. ‘एकांनी तुला काय? पुढचं तूच सांग की!’

त्याच दुपारी तिला निलंबित केलं. उद्या सरकारी तक्रार कार्यालयात चौकशी आहे. संचालकाचं म्हणणं असं, की या बाईनं स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर बढाई मारली, ‘अशी तक्रार ठोकते की पाहा,’ आणि आमच्याकडून पैसे उकळायला बघितलं. त्याला ती तक्रार चोरवाटेनं मिळाली हे दाखवता आलं, तर तो तोंडावर आपटतो. नाही दाखवता आलं, तर हिचं नर्सिंगचं लायसन्स जातं.

“मावशी, मी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही गं,” ती माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली. रडून रडून नाक लाल झालं होतं. “आणि मी ती साधी पाठवलीच नव्हती. प्रॉक्सीवरून पाठवली होती!”

आता हे माझ्याच अंगणात आलं. सर्व्हर का पडला, माहिती कुठून फुटली, हे शोधणं हा माझा धंदा आहे. गेली कित्येक वर्षं मी लोकांच्या कॉम्प्युटरमधली घाण उपसते आणि संध्याकाळी साबणानं हात धुते. साबणाचा काही उपयोग होत नाही, पण धुते.

प्रॉक्सी म्हणजे आडवाटेची साइट. एखादी साइट तुमच्याकडे बंद केलेली असली, की तुम्ही या आडवाटेच्या साइटला सांगता. ती तुमच्या वतीनं तिकडे जाते, पान आणते, तुमच्यापुढे ठेवते. भाची आश्रमाच्या होस्टेलात राहते. तिथलं इंटरनेट आश्रमाचं, आणि तक्रार कार्यालयाची साइट त्यावर बंद. म्हणून ती प्रॉक्सीवर गेली. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं तिनं वाचलं होतं: ‘आम्ही तुमची कुठलीही नोंद ठेवत नाही.’

“होस्टेलच्या नेटवरून त्यांनी बघितलं नसेल?” तिनं विचारलं.

“तू प्रॉक्सी उघडलीस, एवढंच तिथून दिसतं. आत काय लिहिलंस ते नाही दिसत. मोबाइल कुणाच्या हातात दिला होतास?”

“नाही. उशीखाली घेऊन झोपते मी.”

मग उरली ती प्रॉक्सी. मी पर्स उचलली.

२

ही साइट चालवतात एका टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांतून. जिना रबरानं आणि मांजराच्या मुतानं घमघमत होता. आत टेबलावर चहाचे कप होते आणि त्यांतल्या दोनांत बुरशी धरली होती. कीबोर्डच्या फटींत बिस्किटांचा चुरा आणि कुणाची तरी कापलेली नखं. मी खुर्चीच्या अगदी कडेला टेकले.

तिघांचा संसार. थोरला भाऊ मालक, धाकटा सगळं तांत्रिक बघतो, आणि थोरल्याची बायको, वहिनी, येणाऱ्या मेलना उत्तरं देते. चौथा एक टायवाला त्या दिवशी तिथेच बसला होता. नव्या होस्टिंग कंपनीचा माणूस. होस्टिंग म्हणजे यांचा सर्व्हर ज्यांच्या जागेत भाड्यानं राहतो ते लोक. यांनी नुकतंच घर बदललं होतं, आणि भाचीची तक्रार नव्या घरातून गेली होती.

थोरल्यानं आधी मला स्वातंत्र्यावर भाषण दिलं. माहिती सगळ्यांची असते, भिंती पाडल्या पाहिजेत, वगैरे. मी कप बाजूला सारला.

“होस्टिंग का बदललं ते सांगा.”

“अहो, हाकललं आम्हाला! प्रॉक्सी म्हटलं की तक्रारी येणारच. कुणी आमच्यावरून जाऊन कुणाला शिव्या घालतो, आणि ज्याला शिव्या बसल्या तो होस्टला लिहितो. होस्टवाले घाबरट. दिलं बाहेर फेकून. वर आमच्याकडे ही गर्दी! लाखानं माणसं येतात. साधा सर्व्हर संध्याकाळी धापा टाकायला लागतो.”

“मग तीन जागा बघितल्या,” धाकटा कोपऱ्यातून म्हणाला. डोळे खाली, नखं कुरतडत. म्हणजे ती नखं याची. “एक स्वस्त होती, पण गर्दीत पार झोपली. दुसरी मला पटली होती. गर्दी सोसायची, आणि तक्रार आली तर निस्तरायला महिनाभर वेळ द्यायची. तिसरी यांची.” त्यानं टायवाल्याकडे मान उडवली. “कधी बंद पडत नाही हे खरं, पण जेवढी पानं ये-जा करतात तेवढे पैसे मोजून घेतात. आणि तक्रारींच्या बाबतीत जहाल.”

“जहाल नाही, शिस्त,” टायवाला हसला. दात फार पांढरे होते. “तक्रार आली, आम्ही पुढे पाठवली, दोन दिवसांत निस्तरली नाही, तर साइट बंद. पण यांचं मला कौतुक वाटतं! इतक्या तक्रारी येतात यांच्या, आणि एकही आमच्याकडे टिकत नाही. जो तक्रार करतो तोच दुसऱ्या दिवशी ‘मिटलं’ म्हणून मागे घेतो.”

मला तो माणूस अजिबात आवडला नाही. अत्तराचा वास अख्ख्या खोलीत आणि नजर सारखी माझ्या पर्सकडे. सर्व्हर याच्या जागेत, चाव्या याच्या कंपनीच्या खिशात.

“तुम्हाला यांच्या सर्व्हरमधलं वाचता येतं का हो?” मी सरळच विचारलं.

हसू गळून पडलं. त्यानं थोरल्याकडे बघितलं, मग दाराकडे, आणि उठून गॅलरीत गेला.

३

गॅलरीत तो घाम पुसत होता. पाचावर धारण बसली होती.

“मॅडम, आमच्याच एका माणसानं मागे दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या तारेवर कान लावला होता. त्याला काढला. पण यांचं नाही हो. आईशपथ नाही.”

“कान लावला असता तर काय ऐकू आलं असतं?”

“जे जातं-येतं ते सगळं.”

“सगळं? अख्खं?”

“अर्धं कसं येईल? अख्खंच येणार.”

माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. मी तिथूनच भाचीला फोन लावला.

“तो संचालक वाचता वाचता थांबला, तो तुला चिडवायला थांबला का?”

“तसंच वाटलं मला.”

“तक्रार एकूण केवढी होती तुझी?”

“चांगली पानभर. कोण बांधतं, कुठल्या खोलीत, सगळं होतं की.”

“मग त्यानं तुला पुढच्या मजकुरावरून का नाही झापलं? म्हणजे असं, की ‘अमक्याचं नाव का घेतलंस’ वगैरे?”

“नाही गं. नावं घेतली होती मी, त्याबद्दल तो काहीच बोलला नाही.”

“तू ‘पाठवा’ दाबलंस, मग स्क्रीनवर काय आलं?”

“पावती. ‘तुमची तक्रार मिळाली’, खाली माझं नाव, फोन, आश्रमाचं नाव, आणि तक्रारीच्या पहिल्या काही ओळी. मग टिंबं.” आणि ती एकदम ओरडली, “मावशी! ‘त्यातल्या एकांनी मला’ आणि टिंबं! तिथेच संपत होती पावती!”

तर तो चिडवत नव्हता. त्याच्याकडे पुढचं नव्हतंच. ऐटीत मोबाइल उपडा ठेवून त्यानं लाज झाकली होती.

मी कठड्याला टेकले आणि एकेकाला बाजूला काढलं. तक्रार कार्यालयातून फुटली असती, तर तिथे अख्खी तक्रार आहे; कुणी नुसती पावती कशाला पाठवील? टायवाल्याच्या लोकांनी चोरून ऐकली असती, तरी अख्खी ऐकली असती. ज्यानं दिली त्याला भाचीनं पाठवलेलं काहीच दिसलं नव्हतं. तिला परत आलेलं पान तेवढं दिसलं होतं. असं एकच ठिकाण असतं. मी आत गेले आणि धाकट्यासमोर उभी राहिले.

“तुम्ही नोंद ठेवत नाही. मान्य. पण पानं साठवता का?”

त्याचा चेहरा उतरला.

४

“नोंद नाही हो ती,” तो पुटपुटला. “साठवण. एकच पान शंभर जणांनी मागितलं तर शंभरदा कशाला आणायचं? एकदा आणायचं, सर्व्हरच्या मेमरीत ठेवायचं, तेच वाटायचं. आधीच्या होस्टकडे मोजदाद नव्हती, तेव्हा मी थोडंच ठेवायचो. इथे पानागणिक पैसे. दादा डोक्यावर बसला, वाचव म्हणून. मग मी लिहून टाकलं, जे येईल ते सगळं ठेव.”

“सगळं? लोकांच्या पावत्यासुद्धा? बँकेची पानं, डॉक्टरांचे रिपोर्ट?”

“मी... वेगळं काढायचं राहिलं.”

राहिलं! गर्दीच्या साइटवर होस्टिंगचं बिल कमी करायला या दिवट्यानं लाखो माणसांची उघडीनागडी पानं एका खोलीत रचून ठेवली होती, आणि बाहेर पाटी, ‘आम्ही नोंद ठेवत नाही.’ त्यापेक्षा कपातली बुरशी परवडली.

“त्या साठवणीत कोण बघू शकतं?”

“मेमरीतच असते ती. सर्व्हर बंद केला की पुसली जाते. होस्टला नाही दिसत. मी, दादा...” तो अडखळला. “आणि वहिनी. तिला मी एक शोधायची चौकट करून दिली होती. लोक लिहितात ना, आमचं जुनं पान दाखवताय, काढा म्हणून. दर वेळी मला उठवायला नको. शब्द टाकला की त्या शब्दाची सगळी साठवलेली पानं येतात, नको ते पुसायचं.”

तिघं. मी थोरल्याकडे बघितलं. त्यानं कानावर हात ठेवले. “मला तांत्रिक काही कळत नाही. मी फक्त धोरण ठरवतो.”

“बरं. मग धोरणाचंच सांगा. तुमच्यासारख्या साइटनं महिनाभर सोसणारी जागा सोडून दोन दिवसांत हाकलणारी जागा घेतली. असं कुणी शहाणा करीत नाही. कुणी आग्रह धरला?”

थोरल्याची नजर वहिनींकडे गेली. टायवाला दारातूनच म्हणाला, “ताईंनी. माझ्याच समोर म्हणाल्या, तुम्ही घ्या ही जागा, तक्रारींचं मी बघते.”

इतका वेळ वहिनी खिडकीपाशी बसून मेल लिहीत होत्या. गोल चेहरा, मऊ आवाज, मी आल्याबरोबर मला पाणी देणाऱ्या एकट्या त्याच. ते पाणी मी प्यायले होते. त्यांनी चष्मा काढला आणि अगदी साळसूदपणे माझ्याकडे बघितलं.

“ताई, विचारा ना. त्यात काय लपवायचंय?”

५

“वृद्धाश्रमाची तक्रार आली होती तुमच्याकडे?”

“आली होती की. त्यांना कार्यालयाची नोटीस गेली होती, नाव न सांगता. त्यांनी होस्टेलचं नेट तपासलं, तर आमची साइट उघडलेली दिसली. लगेच होस्टला लिहिलं, यांच्यामुळे आमची बदनामी होते. दोन दिवसांत साइट गेली असती हो! मी आश्रमाचं नाव चौकटीत टाकलं, पावती आली, फोटो काढून पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्रार मागे घेतली. धन्यवादसुद्धा लिहिलं.” त्या हसल्या. “कधी कुणी लिहीत नाही.”

“ती मुलगी उघडी पडली.”

“असं बघा, तिनं लिहिलं ते खरं असेल तर तिला काय भीती?”

मला त्यांच्या अंगावर ओकावंसं वाटलं. खरंच. लोभी माणूस, घाबरट माणूस मी रोज बघते. त्यांची किळस येते पण ओळखीची असते. ही बाई स्वेटर विणल्यासारखं सांगत होती.

“सगळ्यांनाच देता असं?”

“छे! सगळ्यांना कशी देईन? जे तक्रार करतात त्यांनाच.”

“वहिनी!” धाकटा किंचाळला. “मी ती पुसायला दिली होती तुला!”

“पुसतेच ना नंतर. काही काही राहून जातात.” त्या त्याच्यावर चिडल्या. “तुम्ही दोघं भाऊ मोठ्या गप्पा मारता. साइट कुणी टिकवली? तुझ्या दादाला माहीत नव्हतं असं समजू नकोस.”

थोरला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. “मी कधी विचारलं नाही,” तो म्हणाला.

“कसं शोधता ते दाखवा मला,” मी म्हटलं. उद्या हेच चौकशीत दाखवायचं होतं.

त्या हौसेनं वळल्या. आश्रमाचं नाव टाकलं. पडद्यावर भाचीची पावती आली, टिंबांसकट. आणि तिच्याखाली आणखी एक. वेगळं नाव, बाईचंच. ‘माझे वडील तुमच्याकडे नोंद असलेल्या आश्रमात राहतात. त्यांच्या हातांवर...’ टिंबं.

“ही कोण?”

“ही आजची. मुलगी दिसतेय कुणाची तरी. ही मी सकाळीच पाठवली त्यांना.”

“पण त्यांची नवी तक्रार कुठे आली होती?”

“यायची वाट कशाला बघायची? आधीच दिली की बरं पडतं.”

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. थोरला धाकट्याच्या कॉम्प्युटरपाशी पोचला होता आणि त्याची बोटं चालली होती.

“जरा अडखळतेय साइट,” तो आमच्याकडे न बघता म्हणाला. “रीस्टार्ट करून घेतो.”

रीस्टार्ट झाला असता तर साठवण गेली असती, आणि भाचीचं लायसन्सही.

६

मी पोचायच्या आधी धाकटा पोचला. त्यानं भावाचं मनगट धरलं आणि टेबलावर दाबून ठेवलं.

“दादा, हात लावायचा नाही.”

“अरे गाढवा, हे बाहेर गेलं तर होस्ट उद्या सकाळी हाकलेल. लाखो लोक वापरतात आपल्याला! त्यांचं काय?”

“त्यांचंच बघतोय,” धाकटा म्हणाला. रडत होता, पण मनगट सोडलं नाही. एका हातानं त्यानं दोन्ही पावत्यांची आणि वहिनींनी काय काय शोधलं त्याची नक्कल काढून मला दिली. मग स्वतःच सर्व्हर बंद केला. टायवाला कधीच जिना उतरून गेला होता. वहिनी म्हणाल्या, “चहा तरी घेऊन जा, ताई.” मी पर्स उचलून निघाले.

दुसऱ्या पावतीवर त्या मुलीचा फोन होता. जिन्यातूनच लावला.

“तुमच्या वडिलांना आश्रमातून ताबडतोब हलवा,” मी नाव सांगून म्हटलं. “तुमची तक्रार त्यांना कळलीय.”

“तुम्हाला कसं कळलं? माग लागू नये म्हणून मी प्रॉक्सीवरून पाठवली होती. आत्ताच त्यांचा फोन आला होता. म्हणाले, तुमच्या वडिलांची जागा रद्द झाली, घेऊन जा. मी दुसऱ्या शहरात आहे हो! संध्याकाळशिवाय पोचत नाही. त्यांना तोवर ठेवून घ्या म्हटलं तर फोन ठेवला.”

मी भाचीला वाटेत गाडीत घेतलं. सगळं सांगितलं. ती आपल्या लायसन्सबद्दल एक अक्षर बोलली नाही. “कोण गं मावशी? नाव काय मुलीचं?” मी सांगितलं, तर म्हणाली, “म्हणजे आश्रमातले ते काका!” आणि मग रस्ताभर खिडकीबाहेर बघत राहिली.

काका फाटकाबाहेर होते. रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकची खुर्ची, भर उन्हात, आणि शेजारी एक पिशवी. पिशवीतून पायजम्याची नाडी आणि औषधाची बाटली बाहेर आली होती. पायांत चपला दोन वेगवेगळ्या. फाटकाच्या आत रखवालदार उभा होता. आम्हाला बघून त्यानं पाठ फिरवली. वरच्या मजल्यावर एक पडदा हलला आणि परत सारखा झाला.

भाची त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. शर्टाच्या बाह्या लांब होत्या, मनगटापर्यंत बटणं लावलेली. तिनं एक बटण काढलं, बाही वर केली. वळ ताजे होते, आतून ओले. हे असं बाहेर ठेवून दिलं होतं त्या नालायकानं. मी फोटो काढले. माझ्याकडे आता नक्कल होती, धाकटा साक्षीला यायला तयार होता, आणि हे मनगट होतं. उद्या संचालकाची बोबडी वळणार होती, याबद्दल मला शंका उरली नव्हती.

“चला काका,” भाची म्हणाली. “माझ्या मावशीकडे जाऊ. तुमची मुलगी संध्याकाळी येतेय.”

काकांनी बाही खाली ओढली. बटण लावायचा प्रयत्न केला, जमेना. तिच्याकडे बघितलं, मग फाटकाकडे.

“मी कुणाला काही बोललो नाही गं,” ते हळू आवाजात म्हणाले. “मुलगी आली होती, तिनं हात बघितला, मी म्हटलं लागलंय दाराला. दुसरीकडची फी तिला झेपायची नाही. तू आत जाऊन साहेबांना एवढं सांगशील का? म्हणावं, माफी मागतो म्हणतात. माझं काय चुकलं तेवढं सांगा, मी माफी मागतो.”